कच्चं म्हणजे नेमकं कुठं कच्चं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मुलाच्या वहीवर लाल शाईनं लिहिलेलं ‘दहापैकी सहा’ आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. वही घरी गेली की आई विचारते, ‘चार गुण कुठं गेले रे?’ मुलाला ते सांगता येत नाही, कारण वहीत ते कुठंच लिहिलेलं नसतं. गणितातलं उदाहरण चुकलं तर चुकलेल्या पायरीवर बोट ठेवता येतं. पण निबंध, प्रकल्प, प्रयोगाची नोंद, वर्गात केलेलं भाषण किंवा चौघांनी मिळून केलेला तक्ता यांतले गुण गेले, तर ते कुठं गेले हे गुरुजींच्या मनात असतं. मुलापर्यंत पोचतो तो फक्त आकडा.

आज या हरवलेल्या चार गुणांविषयी बोलायचं आहे, आणि त्यांचा पत्ता लावणाऱ्या एका साध्या साधनाविषयी. शिक्षणाच्या पुस्तकांत त्याला ‘रुब्रिक’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द तांबड्या मातीचा, म्हणजे आपल्या गेरूचा. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांत मथळे आणि सूचना तांबड्या शाईनं लिहीत, त्यावरून त्या सूचनांनाच रुब्रिक म्हणू लागले. आपल्या पोथ्यांतही मजकूर काळ्या शाईत आणि खुणेच्या जागा हिंगुळाच्या लाल रंगात अशी पद्धत होतीच. शाळेत हा शब्द पुष्कळ उशिरा आला. मी त्याला ‘निकष-तक्ता’ म्हणतो, कारण तो तेवढाच असतो.

श्रोत्यांना तक्ता दिसणार नाही, म्हणून तो डोळ्यांसमोर आणा. एक कागद आडवा धरा. डाव्या बाजूला एकाखाली एक, या कामात आपण काय काय पाहणार ते लिहा. हे झाले निकष. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे चार पायऱ्या लिहा: सुरुवात, वाटेवर, जमलं, आणि दुसऱ्याला शिकवू शकेल. आता प्रत्येक चौकोनात त्या पायरीवरचं काम प्रत्यक्ष कसं दिसतं, ते एका वाक्यात लिहा. झाला तक्ता. सगळं महत्त्व त्या चौकोनांतल्या वाक्यांना आहे. तिथं नुसतं ‘उत्तम’, ‘बरे’, ‘असमाधानकारक’ असं लिहिलं तर आकड्याऐवजी शब्द आला एवढंच. कळण्याच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? अनुभवी शिक्षकाला एका नजरेत कळतं. अनुभवाचा मान मोठाच आहे. पण अमेरिकेत १९१२ आणि १९१३ साली स्टार्च आणि एलियट या दोघांनी एक साधा प्रयोग केला. एकाच विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवली. भाषेच्या पेपरात गुणांत खूप फरक पडला, ते एक वेळ समजू शकतं. पण भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांनी तपासली, तेव्हा शंभरपैकी २८ पासून ९२ पर्यंत गुण पडले. कुणी आकृतीच्या नेटकेपणाला गुण दिले, कुणी फक्त उत्तराला, कुणी पायऱ्यांना. प्रत्येकाच्या मनात निकष होते, पण प्रत्येकाचे वेगळे होते, आणि विद्यार्थ्याला त्यांतला एकही ठाऊक नव्हता. त्याचं पास होणं किंवा नापास होणं पेपर कुणाच्या टेबलावर पडला यावर ठरलं असतं.

आता आपल्या मातीतली एक गोष्ट आठवू या. हिंगोली तालुक्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव, असं परंपरा सांगते. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी आपलं थापटणं घेतलं आणि मडकी पारखावीत तसे एकेकाच्या डोक्यावर टोले दिले. बाकीचे शांत बसले, नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. ही कथा आपण मूल्यमापनाची कथा म्हणून सहसा ऐकत नाही, पण ती आहे. निकाल एका शब्दाचा होता. तो ऐकून नामदेव दुखावले, तक्रार घेऊन पंढरीला गेले. कुठं कच्चं आणि पक्कं कसं व्हायचं, हे त्या एका शब्दात नव्हतं. ते त्यांना कळलं औंढा नागनाथाला, विसोबा खेचरांकडे. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी सांगितलं, देव जिथं नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिथं ठेवायला जात तिथं पिंड दिसू लागली. आपला देव आपण एकाच मूर्तीपुरता मानला, एवढीच आपली कच्ची जागा होती, हे त्यांना तेव्हा उमगलं. ज्यांच्यावर कच्चेपणाचा शिक्का बसला, त्याच नामदेवांची ६१ पदं पुढं गुरुग्रंथसाहिबात गेली.

मला या कथेत शिक्षकासाठी एक मोठी गोष्ट दिसते. गोरोबांचा निकाल खराच होता. पण शिष्य पुढं सरकला तो विसोबांच्या खुलाशानं. आपल्या शाळांत टोले पुष्कळ आहेत, खुलासे कमी आहेत. निकष-तक्ता हा खुलाशाचा कागद आहे.

हे फक्त शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातलं नाही, हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. हिंगोलीच्या संत नामदेवांचंच नाव असलेल्या हळद बाजारात ढिगासमोर उभा राहिलेला खरेदीदार काय करतो? हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो, वाळलं किती ते पाहतो, लांबी-जाडी पाहतो, पॉलिश पाहतो. भाव शेवटी एकच निघतो. पण तो कशावरून निघाला हे शेतकऱ्याला माहीत असतं. आतला रंग एकसारखा नसेल तर शिजवण्यात कमीजास्त झालं हे तो ओळखतो आणि पुढच्या वर्षी कढईपाशी स्वतः उभा राहतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही नुसतं नावावर मिळत नाही. तिचे गुणधर्म लिहून, दाखवून द्यावे लागतात. हळदीच्या बाबतीत आपण जेवढे काटेकोर आहोत, तेवढे मुलांच्या बाबतीत का असू नये?

म्हणून उदाहरणही हळदीचंच घेतो. सातवीच्या मुलांना प्रकल्प दिला: ‘आपल्या गावची हळद, बेण्यापासून बाजारापर्यंत’. या कामासाठी चार निकष पुरतात: माहिती मिळवणं, हिशेब, मांडणी आणि सांगणं.

पहिला निकष, माहिती मिळवणं. ‘सुरुवात’ या चौकोनात लिहायचं: माहिती एकाच ठिकाणाहून घेतली आहे, कुणाकडून घेतली ते लिहिलेलं नाही. ‘वाटेवर’: एका शेतकऱ्याला विचारलं, त्याचं म्हणणं लिहिलं, पण लागवडीचं आलं आणि शिजवण्या-वाळवण्याचं राहून गेलं. ‘जमलं’: निदान दोघांना विचारलं, सगळे टप्पे आले, कुणी काय सांगितलं त्याची नोंद आहे. आणि शेवटचा चौकोन: दोघांच्या सांगण्यात फरक कुठं पडला ते दाखवलं आणि तो का पडला हे स्वतः पाहून किंवा तिसऱ्याला विचारून तपासलं.

दुसरा निकष, हिशेब. सुरुवातीला आकडे आहेत, पण क्विंटल की किलो, एकर की गुंठे याचा पत्ता नाही. वाटेवर असलेल्या मुलानं मापं लिहिली, पण खर्च आणि उत्पन्न वेगळं केलं नाही. जमलेल्यानं खर्च वजा केला, आणि ओली हळद शिजवून वाळवली की वजन साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं, हे आपल्या गावच्या आकड्यांवरून काढून दाखवलं. त्याच्याही पुढच्यानं, भाव क्विंटलमागं हजार रुपयांनी पडला तर काय होईल, हे मांडलं.

हा तक्ता काम झाल्यावर काढायचा नसतो. तो कामाच्या आधी मुलांच्या हातात द्यायचा. गुरुजींनी परीक्षेआधी प्रश्नपत्रिका फोडल्यासारखं हे वाटेल, पण इथं फोडण्यासारखं काही नसतं. कुठं पोचायचं हे सांगितल्यानं वाट काही आपोआप चालून होत नाही. चालायचं मुलालाच असतं. फरक एवढाच की ते आता अंदाजानं चालत नाही.

त्याहून बरं म्हणजे तक्ता मुलांबरोबरच तयार करावा. मी असं करतो: आदल्या वर्षीचे दोन प्रकल्प, नावं झाकून, वर्गात फिरवतो आणि विचारतो, यांतलं कोणतं चांगलं? मुलं झटकन सांगतात. मग विचारायचं, कशावरून? इथं वर्ग थांबतो आणि विचार सुरू होतो. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘सर, याचा आकडा हवेत हाय, खाली जमिनीवर काहीच नाही.’ म्हणजे आकडा कुठून आला ते लिहिलेलं नाही. ‘आकडा हवेत’ हे शब्द आमच्या तक्त्यात तसेच गेले, आणि त्यानंतर ते कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत. माझ्या पुस्तकी वाक्यापेक्षा त्या मुलीचं वाक्य सरस होतं.

चौकोनांतली वाक्यं लिहिताना तीन पथ्यं पाळावीत. एक, जे डोळ्यांना दिसतं किंवा कानांना ऐकू येतं तेच लिहावं. ‘विषयाची जाण आहे’ हे दिसत नाही; ‘प्रश्न विचारला तर स्वतःच्या शब्दांत उत्तर देतो’ हे दिसतं. दोन, एका ओळीत एकच गोष्ट मोजावी. अक्षर आणि विचार एकाच ओळीत घातले की सुंदर अक्षराच्या पोकळ निबंधाला चांगली पायरी मिळते आणि वाकड्या अक्षरातला विचार मागं राहतो. तीन, पहिल्या पायरीवरही काय आहे ते लिहावं, फक्त काय नाही ते नको. ‘आकडे गोळा केले आहेत, मापं लिहायची राहिली’ असं वाचलेल्या मुलाला पुढचं काम दिसतं. ‘हिशेब चुकीचा’ असं वाचलेल्या मुलाला वही मिटावीशी वाटते.

आता आपल्या जिल्ह्यातल्या एका खास अडचणीकडे येतो. कळमनुरी, औंढा, सेनगाव या भागांतल्या कित्येक शाळांत आंध समाजाची मुलं आहेत, तांड्यावरची बंजारा मुलं आहेत. त्यांच्या घरची बोली पुस्तकातली मराठी नाही. आणि मराठी घरांतलीही मुलं ‘कामून’ आणि ‘करायलाय’ असंच बोलतात, तीही आपलीच मराठी आहे. अशी मुलं प्रकल्प सांगायला उभी राहिली की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत एक न लिहिलेला निकष काम करतो: बोलणं शुद्ध आहे का? लिहिलेला नसतो म्हणूनच तो सगळ्यांत जास्त गुण खातो. शहरी थाटात पाठ केलेलं बोलणाऱ्या मुलाला आठ आणि स्वतः पाहिलेलं आपल्या बोलीत सांगणाऱ्याला पाच, असं होऊन जातं.

तक्ता लिहायला बसलं की हा लपलेला निकष उजेडात येतो. मग ठरवावं लागतं: या कामात आपण प्रमाण मराठी तपासतोय का? तपासायची असेल तर तिची वेगळी ओळ करा आणि ती आधी शिकवा. प्रमाण भाषा मुलांना यायलाच हवी, यात वाद नाही. पण ‘सांगणं’ या ओळीत ऐकणाऱ्याला टप्पे क्रमानं कळले का, प्रश्नाला उत्तर दिलं का, एवढंच पाहा. या एका निर्णयानं वर्गातली कितीतरी गप्प मुलं बोलती होतात.

दुसरी अडचण त्याहून अवघड आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यांकडे जातात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, मुलं मागं राहावीत म्हणून शिक्षक घरोघर फिरतात; तरीही काही मुलं आईबापांबरोबर जातातच आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. चाचणीच्या गुणांवरून त्याची श्रेणी ‘ड’ निघत होती. ‘ड’ म्हणजे ३३ ते ४० टक्के. हा आकडा त्याच्याबद्दल काय सांगतो? मागं पडलाय, एवढंच.

त्याच मुलाचा प्रकल्प तक्त्यावर ठेवला तेव्हा चित्र वेगळं दिसलं. ‘हिशेब’ या ओळीत तो शेवटच्या पायरीवर होता. कारखान्यावर टनाचा भाव, उचल, कोयत्याचा हिशेब रोज कानावर पडलेला; हळदीचा खर्च आणि भाव त्यानं वर्गात सगळ्यांत नेमका मांडला. ‘सांगणं’ तिसऱ्या पायरीवर. ‘मांडणी’ मात्र पहिल्या पायरीवर: परिच्छेद नाहीत, वाक्यं अर्धी, जोडाक्षरं गाळलेली. म्हणजे काम कुठं करायचं ते ठरलं. त्याला सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून देण्याची गरज नव्हती. महिनाभर रोज थोडं लेखन, आणि गणितात त्यालाच दुसऱ्यांना शिकवायला बसवणं, एवढं पुरे होतं. ‘ड’ हा शिक्का घेऊन बसलेला मुलगा आणि गटाला हिशेब शिकवणारा मुलगा, यांच्या वर्गात बसण्यातच फरक असतो. शाळा सोडायची की टिकायचं, हा निर्णय मुलं अशाच गोष्टींवर घेत असतात.

हे आता अधिक निकडीचं झालं आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही, असं ठरवलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं २०२३-२४ या वर्षापासून ती सुरू केली. उत्तीर्ण न झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची. त्यातही राहिला तर त्याच वर्गात. त्या दोन महिन्यांत त्याला शिकवायचं काय? हातात फक्त ‘शंभरपैकी २९’ असेल तर शिक्षक सगळं पुस्तक पुन्हा उघडतो आणि दोन महिने पुरत नाहीत. हातात वर्षभराचा निकष-तक्ता असेल तर दोनच ओळी उचलायच्या असतात. मुलाचं एक वर्ष त्यावर अवलंबून आहे.

ही कल्पना आपल्या राज्यात अगदी नवी नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. वर्षभर चालणारं आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी संकलित, असे दोन भाग झाले. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के भार, संकलितला ३०. वर जाताना हे प्रमाण बदलत सातवी-आठवीला ४० आणि ६०. निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय अशी साधनं दिली. गुणांच्या जागी अ-१ पासून श्रेणी आल्या आणि त्यांच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. हेतू अगदी विसोबांचाच होता, खुलासा करण्याचा.

पुढं काय झालं ते शिक्षक मंडळींना ठाऊक आहे. तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली, नंतर त्या मोबाइलवर फिरू लागल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘परिसराविषयी जागरूक आहे’; एकच वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढं. यात शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयाची नोंद, वर इतर कामं. माझ्या मते उणीव हेतूत नव्हती; नोंद कशावरून करायची, तो निकषच ठरलेला नव्हता. निकष आधी ठरला नाही की नोंद कुठून तरी उतरवावीच लागते. तक्ता समोर असेल तर नोंद लिहायला वेळ लागत नाही, त्या चौकोनावर खूण करायची आणि तारीख घालायची. पुढच्या सत्रात दुसरी खूण, दुसऱ्या रंगानं. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे त्या मुलाची प्रगती. ती कुठल्या पुस्तकातून उतरवता येत नाही.

निकष कुठून आणायचे, असं नवे शिक्षक विचारतात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातीची पानं उघडा. तिथं अध्ययन निष्पत्ती छापलेल्या असतात: या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय करता यायला हवं, त्याची यादी. ती बहुधा न वाचता उलटली जाते. एक निष्पत्ती घ्या, तिच्या चार पायऱ्या करा, एक ओळ तयार होते. वाचनाच्या बाबतीत तर पायऱ्या आयत्या आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून मुलाला अक्षर ओळखता येतं, की शब्द, की सोपा परिच्छेद, की दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच पाहतात. या पाहणीचे आकडे दरवेळी चर्चेत येतात, पण तिचं बळ मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतं: ‘तुमचं लेकरू शब्द वाचतं, परिच्छेदाला अडतं’ हे वाक्य शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही कळतं.

पालकांविषयी म्हणूनच दोन शब्द. ‘ब-२’ म्हणजे काय हे कित्येक घरांत कळत नाही. ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के हे सांगूनही फार कळत नाही. पालकसभेत तक्ता पुढं ठेवून ‘इथं होता, इथं आला, आता इथं जायचंय’ असं बोट फिरवलं की वाचता न येणारी आईही प्रश्न विचारू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सर्वांगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलानं स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करावं असंही म्हटलं आहे. स्वतःला पारखायला मुलाच्या हातात निकष नसतील, तर ते आपल्यालाही शंभर गुण देईल आणि मित्रालाही.

शेवटी काही सावधगिरीच्या सूचना. प्रत्येक गोष्टीला तक्ता लागत नाही. पाढे येतात किंवा येत नाहीत, तिथं साधी खूण पुरते. एका सत्रात एका विषयाला एक चांगला तक्ता खूप झाला. चार निकषांपेक्षा जास्त नकोत. दहा ओळींचा तक्ता मूलही वाचत नाही आणि गुरुजीही. दोन शिक्षकांनी निदान तीन वह्या एकाच तक्त्यावर वेगवेगळ्या तपासून पाहाव्यात. फरक पडला तर वाक्य पुन्हा लिहावं, ते अजून स्पष्ट झालेलं नाही. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत हे काम तासाभरात होण्यासारखं आहे. आणि तक्त्यात न बसणारं काही मुलानं केलं, तर तक्ता बाजूला ठेवून त्याचं कौतुक करावं. एखाद्या मुलीनं हळदीच्या प्रकल्पात शिजवण्याच्या धुरानं आईचे डोळे कसे चुरचुरतात ते लिहिलं, तर ते कोणत्या ओळीत बसतं म्हणून शोधत बसू नये.

आणखी एक. वहीवर शेरा आणि गुण दोन्ही लिहिले तर मूल गुण पाहतं आणि वही मिटतं. इस्राएलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर हे तपासलं. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना गुण मिळाले, किंवा गुण आणि शेरे दोन्ही मिळाले, त्यांचं तसं सुधारलं नाही. म्हणून तक्ता आधी द्यावा, त्यावर मुलाला काम दुरुस्त करू द्यावं आणि श्रेणी त्यानंतर नोंदवावी. श्रेणी टळत नाही, कागदोपत्री ती लागतेच. पण ती चार दिवस थांबू शकते.

ऐकणाऱ्या शिक्षकांना विनंती एवढीच, की येत्या आठवड्यात मुलांना जे एक मोठं काम देणार असाल, त्याच्या तीन ओळी आणि चार पायऱ्या फळ्यावर लिहा, आणि मुलांना विचारा, यात काय बदलू या? पालकांना विनंती, की प्रगतिपुस्तक घ्यायला गेलात की कितवा आला हे विचारण्याआधी विचारा: गुरुजी, याला आता काय येतं आणि पुढची पायरी कोणती? उत्तर देता यावं म्हणून शाळेला निकष लिहावे लागतील, आणि एकदा ते लिहिले गेले की ते मुलांचेही होतील.